प्रबोधनकाळातील दैनंदिन जीवनाची कोरीव मुद्राचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकघर, आठवडी बाजार, गावची जत्रा, दात उपटणारा वैदू, गोठलेल्या पाण्यावर घसरणारी पोरे असे विषय असलेली पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपीय मुद्राचित्रे (पत्र्यावरून किंवा लाकडी ठशावरून कागदावर छापलेली चित्रे) आता मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर सहज पाहता येतात. ती पाहिलेल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एन्ग्रेव्हिंग म्हणजे नेमके काय? ते चित्र काढण्यापेक्षा वेगळे कसे?

घासून गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा खोदायच्या, त्या खाचांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसायचा आणि ओलसर केलेला कागद त्यावर ठेवून दोन रुळांच्या दाबयंत्रातून तो पत्रा काढायचा, म्हणजे खाचांतील शाई कागदावर उतरते. कागदावर दिसणारे चित्र पत्र्यावरील चित्राच्या उलट, आरशात दिसावे तसे येते. कोरणी हातात धरून पुढे ढकलायची असते आणि वळणदार रेषेसाठी हाताऐवजी पत्राच फिरवतात, त्यामुळे हे काम शिकायला वर्षे लागत. ही कला पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात आकाराला आली आणि तिचे आरंभीचे कारागीर बहुतांशी सोनारकामाच्या परंपरेतून आलेले होते. प्रसिद्ध जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचे वडील न्यूरेंबर्गमधील सोनारच होते.

कारखान्यात काम कसे चाले, हे दाखवणारे कोरीव चित्रही उपलब्ध आहे. यान फान डेर स्ट्राट, म्हणजे स्ट्राडानस, याच्या रेखाटनांवरून अँटवर्पच्या फिलिप्स गालने सोळाव्या शतकाच्या शेवटी नव्या शोधांची एक चित्रमालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील एका पानावर कोरणारे कारागीर, शाई लावणारे मदतनीस, दाबयंत्राचे आरे ओढणारा माणूस आणि दोरीवर वाळत घातलेल्या प्रती एकाच खोलीत दिसतात.

२. काष्ठठसा, एन्ग्रेव्हिंग आणि एचिंग यांतील फरक डोळ्यांनी ओळखता येतो का?

बहुतेक वेळा येतो. काष्ठठशात रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढतात, म्हणजे उंच राहिलेली रेषा छापली जाते. अशी रेषा जाड व ठसठशीत असते. हा ठसा खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या धातूच्या, अक्षरांबरोबर एकाच यंत्रात छापता येत असल्याने पुस्तकांत तोच अधिक आढळतो. योस्ट अम्मानने १५६८मध्ये फ्रँकफर्टला प्रसिद्ध झालेल्या व्यवसायांच्या पुस्तकासाठी केलेली चित्रे काष्ठठसेच आहेत, त्यामुळे ती या विषयाशी कितीही जवळची असली तरी तांत्रिकदृष्ट्या एन्ग्रेव्हिंग नाहीत.

एन्ग्रेव्हिंगची रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा टोकदार होऊन संपते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेखाटतात आणि रेषा आम्ल खोदते, म्हणून ती लेखणीच्या रेषेसारखी मोकळी व टोकाशी बोथट असते. एकाच पत्र्यावर एचिंग आणि कोरणी दोन्ही वापरल्याची उदाहरणे सोळाव्या शतकात विपुल आहेत. अशा वेळी ‘हे की ते’ असा आग्रह धरू नये.

३. दैनंदिन जीवन हा विषय मुद्राचित्रांत कधी आला? त्याआधी सगळी धार्मिकच चित्रे होती का?

धार्मिक चित्रेच अधिक होती आणि नंतरही अधिकच राहिली. परंतु १४७०च्या आसपास कोलमारच्या मार्टिन शोंगाउअरने बाजाराला निघालेले शेतकरी कुटुंब आणि आपसांत भांडणारी सोनाराकडची शिकाऊ पोरे हे विषय तांब्यावर कोरले. त्याच सुमारास, ज्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही आणि ज्याला ‘हाउसबुक मास्टर’ म्हणतात, त्या कलावंताने सुईने थेट पत्र्यावर ओरखडून प्रवासी, भांडणारी माणसे, अंग खाजवणारा कुत्रा असे विषय केले. अशा ओरखड्यांच्या कडा लवकर झिजत असल्याने प्रती फार थोड्या निघत. उरलेल्या प्रतींपैकी बहुतांश आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बोखोल्टच्या इस्राएल फान मेकेनेमने नवरा-बायकोच्या जोड्यांची मालिका काढली, आणि स्वतःचे व पत्नी इडाचे एकत्र चित्रही कोरले.

ड्यूररने १५१४मध्ये नाचणारे शेतकरी जोडपे व बॅगपाइप वाजवणारा, तर १५१९मध्ये बाजारात माल घेऊन उभे असलेले जोडपे कोरले. ही सर्व चित्रे तळहाताएवढी आहेत. त्यांत कोणी संत नाही, पौराणिक कथा नाही, उपदेशाची ओळही नाही, आणि तरी ती विकली जात होती. या विषयाला बाजार आहे हे तेथे सिद्ध झाले. पुढची वाढ त्या बाजारावर झाली.

४. एखादे चित्र निवडून ते कसे पाहावे हे सांगता येईल का?

डच कलावंत लुकास फान लायडेनचे १५२३चे ‘दंतवैद्य’ घ्यावे. चित्र जेमतेम पोस्टकार्डाएवढे आहे. भपकेबाज पोशाखातील वैद्य एका गरीब खेडुताच्या तोंडात अवजार घालून उभा आहे आणि शेजारी त्याची अवजारे व औषधे मांडलेली आहेत. पहिल्या नजरेला हे व्यवसायाचे चित्र वाटते. मग खेडुताच्या मागे उभी असलेली स्त्री लक्षात येते आणि तिचा हात कुठे आहे ते पाहिले की चित्राचा अर्थच बदलतो, कारण ती त्याच्या पैशाच्या पिशवीत बोटे घालत आहे. वेदनेने त्याचे लक्ष तोंडाकडे लागले आहे, आणि नेमके तेवढेच दोघांना हवे आहे.

येथे रचनेचे कौशल्य असे की चोरी झाकलेली नाही. ती पाहणाऱ्याला दिसते, खेडुताला दिसत नाही, आणि त्यामुळे पाहणारा नकळत चोरांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. पुढच्याच वर्षी, १५२४मध्ये, लुकासने शल्यवैद्याचे आणि वादकांचेही चित्र कोरले. परंतु ‘दंतवैद्य’ची धार त्यांत नाही, असे माझे मत आहे. या लहान कागदांची कीर्ती लुकासच्या हयातीतच पसरली होती. ड्यूरर १५२१मध्ये अँटवर्पला त्याला भेटला आणि त्याने त्याचे व्यक्तिचित्र रेखाटले.

५. ही चित्रे म्हणजे त्या काळच्या जीवनाचा पुरावा मानता येईल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. ही चित्रे विकण्यासाठी केलेली होती, आणि घेणारा बहुधा शहरी, थोडाफार शिकलेला माणूस होता. त्याला विनोद हवा होता, बोध हवा होता, आणि आपण या गबाळ्या माणसांहून बरे आहोत हे समाधानही हवे होते. म्हणून चित्राच्या मध्यभागी जे घडते, म्हणजे मारामारी, मद्यपान, फसवणूक, ते निवडून, रचून आणि वाढवून दाखवलेले असते.

कडेच्या वस्तूंचे तसे नसते. तिवईचे पाय किती, चूल कशी पेटवली आहे, कंबरेला चाकू कुठे अडकवला आहे, टोपली कोणत्या विणीची आहे, या गोष्टींत खोटे बोलण्याचे चित्रकाराला काही कारण नव्हते. उलट त्या ओळखीच्या असल्या तरच विनोद लागू पडे. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेलच्या रेखाटनांवरून १५६३मध्ये कोरलेली ‘भुकेले स्वयंपाकघर’ आणि ‘भरलेले स्वयंपाकघर’ ही जोडी पाहावी. एकात हाडांचे सापळे झालेली माणसे कालवांच्या वाडग्याभोवती जमली आहेत आणि लठ्ठ पाहुणा दारातून पळ काढतो आहे. दुसऱ्यात लठ्ठ कुटुंब एका रोडक्या बॅगपाइपवाल्याला लाथ मारून हाकलते आहे. असे घर कुठेच नव्हते. पण गरिबाच्या ताटात कालवे होती हे त्या काळच्या ग्राहकाला पटत होते, म्हणून ती तेथे आहेत. माझा नियम साधा आहे : मध्यभागावर संशय घ्यावा आणि कोपऱ्यांवर विश्वास ठेवावा.

बोधाबद्दल आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. अँटवर्पच्या सेंट जॉर्ज वेशीबाहेर बर्फावर घसरणाऱ्या लोकांचे ब्रूगेलचे चित्र फ्रान्स हॉइसने कोरले. त्यात कोणी पायाला स्केट बांधत आहे, कोणी पडले आहे, एक मूल गुराच्या जबड्याच्या हाडाची घसरगाडी करून बसले आहे. या चित्राखाली ‘मानवी जीवनाचा निसरडेपणा’ अशा अर्थाचा मजकूर तीन भाषांत छापलेला आढळतो आणि अनेक जण त्यावरूनच चित्राचा अर्थ लावतात. परंतु तो मजकूर पहिल्या छपाईत नव्हता. पत्रा नंतरच्या प्रकाशकाच्या हाती गेल्यावर तो घातला गेला. पहिल्या ग्राहकांनी पाहिली ती घसरणारी माणसे आणि ओळखीची वेस.

६. शेतकऱ्यांची इतकी टिंगल का केली आहे?

काही चित्रांत टिंगल नक्कीच आहे. प्रत्येक चित्रात ती आहे असे मात्र नाही. न्यूरेंबर्गच्या झेबाल्ड बेहामने १५४०च्या दशकात गावजत्रेची एक मालिका कोरली, जिच्यात बारा महिन्यांची नावे घेतलेली जोडपी नाचत येतात आणि शेवटी ओकणारे, मारामारी करणारे दाखवले आहेत. यावरून बेहामला सुखवस्तू नागरिकांचा भाट ठरवणे सोपे आहे. पण हाच माणूस जानेवारी १५२५मध्ये, जर्मनीत शेतकऱ्यांचा उठाव पेटण्याच्या तोंडावर, धर्माविषयीच्या बंडखोर मतांमुळे भाऊ बार्थेल आणि गेओर्ग पेन्त्स यांच्यासह शहरातून हद्दपार झाला होता. त्यामुळे त्याच्या नाचणाऱ्या जोडप्यांत तुच्छता किती आणि आपुलकी किती यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

ब्रूगेलच्या सेंट जॉर्जच्या जत्रेच्या चित्रात तर झेंड्यावरच लिहिले आहे : शेतकऱ्यांना त्यांची जत्रा भरवू द्या. ही उपहासाची ओळ आहे की खरी विनंती, हे वाचणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. मला ती विनंती वाटते.

७. ब्रूगेल स्वतः पत्रे कोरत असे का? चित्राखाली इतकी नावे का असतात?

नाही. त्याने स्वतःच्या हाताने पत्र्यावर काम केलेले एकच चित्र निश्चितपणे ज्ञात आहे, ते म्हणजे १५६०चे ‘सशाची शिकार’, आणि तेही एचिंग आहे. एरवी तो रेखाटन करून देई, पीटर फान डेर हेडन, फिलिप्स गाल किंवा फ्रान्स हॉइस ते कोरत, आणि अँटवर्पचा हिएरोनिमस कॉक ते छापून विकत असे. कॉकचे ‘चार वारे’ नावाचे दुकान १५४८मध्ये सुरू झाले. चित्राखालच्या लॅटिन शब्दांत हीच विभागणी नोंदलेली असते : ‘इन्व्हेंटॉर’ म्हणजे कल्पना व रेखाटन ज्याचे तो, ‘स्कुल्प्सित’ म्हणजे कोरले, ‘एक्स्कुदित’ म्हणजे प्रसिद्ध केले.

या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘मोठे मासे लहान माशांना खातात’ या १५५७च्या चित्रावर कल्पक म्हणून तोवर चार दशके दिवंगत असलेल्या नामांकित चित्रकार हिएरोनिमस बॉशचे नाव आहे, पण मूळ रेखाटन ब्रूगेलचे असून ते व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. बॉशचे नाव खपत होते, नव्या माणसाचे अजून खपत नव्हते. प्रकाशकाचा हिशेब इतका सरळ होता.

८. ही चित्रे कोण विकत घेत असे, आणि एका पत्र्यातून किती प्रती निघत?

तांब्याच्या पत्र्यातून काही शेकडा चांगल्या प्रती निघत आणि रेषा पुन्हा कोरून घेतल्या की आणखी निघत. रंगचित्राच्या मानाने किंमत अगदी कमी होती, त्यामुळे कारागीर, व्यापारी, पाद्री, विद्यार्थी आणि इतर चित्रकार असे सगळेच ग्राहक होते. ड्यूररने १५२०-२१च्या नेदरलँड्स प्रवासाची रोजनिशी लिहिली आहे आणि तिच्यात मुद्राचित्रे विकल्याच्या, भेट दिल्याच्या, पाहुणचाराच्या बदल्यात दिल्याच्या नोंदी जागोजागी आहेत. प्रवासात ही चित्रे जवळपास चलनासारखी वापरली जात होती. कॉकच्या दुकानातील काही चित्रांखाली फ्लेमिश आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांतील ओळी असतात, कारण ग्राहक दोन्हीकडचे होते.

चित्रकारांशिवाय इतर कारागीरही हे कागद घेत. बेहामच्या नाचणाऱ्या शेतकऱ्यांची रांग राएरेन येथील कुंभार यान एमेन्स मेनिकेन याने १५७०च्या दशकापासून दगडी चिनी मातीच्या सुरयांवर उठावात उतरवली. ज्याने बेहामचे नावही ऐकले नव्हते त्याच्या हातात त्याची जत्रा पेय ओतताना फिरत होती. पुढच्या शतकात डच चित्रकार यान स्टेनने भरलेल्या व भुकेल्या स्वयंपाकघरांची रंगचित्रे केली, ती ब्रूगेलच्या कोरीव जोडीची थेट वारस आहेत.

९. नक्कल करण्यावर बंदी नव्हती का?

आजच्या अर्थाने नव्हती. मेकेनेमच्या सहाशेहून अधिक चित्रांपैकी बहुसंख्य दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला आहेत आणि त्याबद्दल कोणी त्याला दोष दिला नाही. १५१२मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरमंडळाने ड्यूररची खोटी स्वाक्षरी-खूण असलेली चित्रे विकणाऱ्या परक्या माणसाला ती खूण काढून टाकण्याचा हुकूम दिला, पण चित्रे विकायला मनाई केली नाही. म्हणजे संरक्षण नावाला होते, चित्राला नव्हते. राजा, पोप किंवा नगराकडून चित्र छापण्याचा ठरावीक मुदतीचा विशेषाधिकार मिळवता येई, आणि तो त्या हद्दीपुरताच चाले.

१०. या व्यवसायात स्त्रिया होत्या का?

होत्या, आणि नेमक्या निर्णयाच्या जागी होत्या. कॉक १५७०मध्ये वारल्यावर त्याची पत्नी फोल्क्सकेन डिरिक्स हिने ‘चार वारे’ आणखी तीस वर्षे चालवले. तिच्या मृत्यूनंतरच्या यादीत सुमारे १६०० कोरीव तांब्याचे पत्रे नोंदले आहेत. कोरणाऱ्यांमध्ये मांतोव्हाची डिआना हिला १५७५मध्ये पोपकडून विशेषाधिकार मिळाला होता, परंतु तिचे विषय मुख्यतः धार्मिक व पौराणिक आहेत.

११. ही चित्रे भारतात पोहोचली होती का?

मुद्राचित्रे निश्चित पोहोचली, पण कोणती हे पाहणे महत्त्वाचे आहे. अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले जेझुइट पंथाचे ख्रिस्ती पाद्री १५८०मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले आणि त्यांनी अँटवर्पच्या प्लांताँ छापखान्यातील बहुभाषी बायबल बादशहाला दिले, ज्यात कोरीव चित्रे होती. त्यानंतर दरबारी चित्रकारांनी युरोपीय कोरीव चित्रांवरून अभ्यास केला. अबुल हसनने १६००च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११च्या क्रूसचित्रातील सेंट जॉनची आकृती रेखाटली. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

मिशनऱ्यांच्या सामानात धार्मिक चित्रेच अधिक असणे स्वाभाविक होते. म्हणून मुघल चित्रांतील लोहार, कागद करणारे, पुस्तक बांधणारे यांचा उगम ब्रूगेल किंवा बेहाम यांच्यात शोधण्याचा मोह आवरावा. छाया देण्याची रीत तिकडून आली असली तरी ते कारागीर दरबाराच्या कारखान्यातले होते.

१२. जुन्या गोव्याच्या बाजाराचे ते प्रसिद्ध कोरीव चित्र याच परंपरेतले आहे का?

होय, आणि नाते वाटते त्याहून जवळचे आहे. यान हाउखन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. परतल्यावर १५९६मध्ये आम्स्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लासने त्याचे प्रवासवर्णन छापले. त्यातील गोव्याचा बाजार, पालखीतील पोर्तुगीज स्त्री, कोकणी शेतकऱ्यांची वस्ती, ब्राह्मणांचे लग्न, होड्या ही चित्रे डोएटेकम घराण्यातील योहानेस व बाप्टिस्टा यांनी कोरली. याच घराण्याच्या आधीच्या पिढीने ब्रूगेलची मोठी निसर्गचित्रे कॉकसाठी पत्र्यावर उतरवली होती. रुआ दिरैता या गोव्याच्या मुख्य रस्त्यावरील लिलाव, छत्र्यांखालून जाणारे पोर्तुगीज, विकायला उभे केलेले गुलाम हे सगळे एका चौकटीत भरण्याची पद्धत फ्लेमिश जत्राचित्रांच्या ओळखीची आहे.

प्रश्न ५मधील नियम येथे मात्र उलटा लावावा लागतो. कोरणाऱ्यांनी गोवा पाहिलेला नव्हता. त्यामुळे आकृत्यांचे दंड, पोटऱ्या आणि उभे राहण्याची ढब युरोपीय कारखान्यातील सरावाची आहे, आणि कोपऱ्यांतील तपशीलही तपासूनच घ्यावा लागतो. याउलट मुख्य प्रसंग, म्हणजे सकाळचा लिलाव, लिन्सखोटेनच्या मजकुरातही वर्णिलेला आहे. कोकणी शेतकऱ्याच्या पोशाखाचा पुरावा म्हणून हे चित्र देणाऱ्यांनी शेजारी तो मजकूरही द्यावा. डे ब्राय बंधूंनी फ्रँकफर्टला या चित्रांच्या नकला छापल्या आणि पुष्कळदा आपल्याकडच्या पुस्तकांत दिसतात त्या नकलांच्या नकला असतात.

१३. रंगीत प्रत पाहिली. ती बनावट आहे का?

तेवढ्यावरून ठरत नाही. त्या काळी छपाई काळ्या शाईत होई आणि हवा असल्यास रंग हाताने भरला जाई. हा व्यवसाय स्वतंत्र होता. मात्र जुन्या काळ्या प्रतींना एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत विक्रीसाठी रंगवण्याचीही प्रथा होती, विशेषतः नकाशे आणि प्रवासवर्णनांतील पानांच्या बाबतीत. प्रश्न १२मधील गोव्याची चित्रे बाजारात रंगीत दिसतात, त्यांतील किती रंग जुने, हे एकेक प्रत हातात घेऊनच सांगता येते.

१४. आमच्याकडे ब्रूगेलचे (किंवा ड्यूररचे) जुने छापील चित्र आहे. ते मूळ आहे हे कसे ओळखावे?

‘मूळ’ या शब्दाच्या येथे तीन पायऱ्या आहेत. कलावंताच्या किंवा पहिल्या प्रकाशकाच्या हयातीतील छपाई ही पहिली. त्याच पत्र्यावरून नंतर, कधी कधी शंभर वर्षांनी, झिजलेल्या किंवा पुन्हा कोरलेल्या रेषांची छपाई ही दुसरी. कॉकचे अनेक पत्रे असे हात बदलत राहिले आणि प्रकाशकाचे नाव खरवडून नवे नाव घातले गेले. तिसरी पायरी म्हणजे जुनी नक्कल, जी स्वतः सोळाव्या शतकातील असू शकते (प्रश्न ९ पाहा).

भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई आहे आणि पुढे तपासण्याची गरज नाही. ठिपके नसतील तर कागद उजेडासमोर धरावा : जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेषा व अनेकदा पाणखूण (वॉटरमार्क) दिसते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उठलेला असणे ही चांगली खूण मानली जाते, पण ती निर्णायक नाही. अनेक अस्सल प्रतींच्या कडा जुन्या संग्राहकांनी चित्रापर्यंत कापलेल्या आहेत, आणि दुसरीकडे १८७०च्या आसपास पॅरिसच्या आमाँ-ड्युराँने छायाचित्रणाच्या साहाय्याने तांब्यावर उतरवलेल्या ड्यूरर, लुकास व रेम्ब्रांट यांच्या प्रतिकृतींवर हा दाब असतोच. त्यांच्या पाठीमागे सहसा त्याचा लहान शिक्का असतो, म्हणून मागची बाजू आधी पाहावी. यापुढची तुलना संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील मोठ्या प्रतिमेशी, मापे जुळवून, रेषेला रेषा लावून करावी. तज्ज्ञाला दाखवण्यापूर्वी कागद धुऊ नये, कडा कापू नयेत आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये.